हाताची चव

आपल्याकडे एखाद्या बाईच्या स्वयंपाकाची स्तुती करायची झाली, की आपण पदार्थाची स्तुती करून थांबत नाही. तिच्या हाताची करतो. 'त्यांच्या हाताला चव आहे' एवढे म्हटले की सगळे सांगून झाले असे वाटते. गोव्यातले हुमण असो, खानदेशातले भरीत असो की आमच्या भागातली आमटी असो, हे वाक्य सगळीकडे चालते आणि ते ऐकून कुणाला राग आल्याचे ऐकिवात नाही. मीही ते आयुष्यभर निर्मळ मनाने वापरीत आलो. काही वर्षांपूर्वी मात्र ते माझ्या घशात अडकले आणि अजून पुरते खाली उतरलेले नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

प्रसंग अगदी साधा. होळीचा दिवस होता. माझी आई जाऊन दीड वर्ष झाले होते. पानात पुरणपोळी होती, आणि पोळीबरोबर अर्थातच कटाची आमटी. आईच्या आमटीची आमच्या नात्यागोत्यात ख्याती होती. पाहुणे पोळी एक कमी खात आणि आमटीची वाटी तिसऱ्यांदा पुढे करीत. मी पहिला भुरका घेतला आणि म्हणालो, "चांगली झालीय. पण आईच्या हाताची चव नाही." हे मी पहिल्यांदा म्हणत नव्हतो. आई हयात असतानाही म्हणत असे, दोघींच्या देखत म्हणत असे, आणि त्यात आईचे कौतुक आहे एवढेच मला दिसत असे. पत्नी दरवेळी ऐकून घेई. त्या दिवशी तिने वाढता वाढता, आवाज न चढवता विचारले, "तुम्हाला एवढी आवडत होती, तर तुम्हीच का नाही शिकून घेतलीत त्यांच्याकडून?"

मला उत्तर देता आले नाही. आईकडून मी पाढे शिकलो, स्तोत्रे शिकलो, हिशेबाची टाचणवही लिहायला शिकलो. ती आमटी मी दीड-दोनशे वेळा तरी खाल्ली असेन. पण ती होते कशी, हे विचारण्याची इच्छा मला एकदाही झाली नव्हती. ज्याची मनापासून आवड असते ते शिकावेसे वाटतेच, असे मी वर्गात पोरांना सांगत आलो. मग माझी आवड कसली होती? आवडीचे आणि शिकण्याचे जे नाते मी फळ्यापाशी उभे राहून सांगतो, ते माझ्या पानापाशी येऊन का तुटले?

पहिले उत्तर सुचले ते असे, की ही गोष्ट शिकून येणारी नव्हतीच. ती हाताची चव. हात काही कुणाला देता येत नाही. आईला कुणी कृती विचारली तर तीही तेच सांगे. "किती चिंच?" "अंदाजानं." "मसाला किती वेळ भाजायचा?" "वास येईपर्यंत." "गूळ?" "चिंचेच्या मानानं." मला हे उत्तर टाळण्यासारखे वाटे. पुढे स्वतः करायला गेलो तेव्हा कळले, की तिची तिन्ही उत्तरे तंतोतंत खरी होती. जुनी चिंच आणि नवी चिंच यांचा आंबटपणा एक नसतो. मग गूळ वाटीने कसा सांगायचा? सुके खोबरे बदामी होते आणि काळपट होते यांच्यामध्ये फार थोडा वेळ असतो, आणि तो घड्याळापेक्षा नाकाला लवकर कळतो. मोहरी तडतडण्याआधी घाई केली तर ती दाताखाली कच्ची लागते. हळद तेलात आधी पडली तर करपते. आणि चिंचेचा कोळ डाळ शिजण्यापूर्वी कधीच पडता कामा नये, कारण आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही. हे आईला रसायनशास्त्रातून कळले नव्हते, पण कळले होते हे नक्की.

एम.ए.च्या अभ्यासात गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाचे नाव भेटले होते. त्याच्या 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या १९४९ सालच्या पुस्तकात त्याने दोन प्रकारचे जाणणे वेगळे केले आहे. अमुक गोष्ट अशी आहे हे जाणणे एक, आणि अमुक गोष्ट कशी करावी हे जाणणे दुसरे. विद्वान माणसांचा समज असा, की दुसरे जाणणे पहिल्यातूनच येते. आधी डोक्यात नियम, मग हातात कृती. या समजाची थट्टा करताना राइलने आचाऱ्याचाच दाखला दिला आहे. आचारी काही आधी मनात पाककृती घोकून मग तिच्याबरहुकूम पळी हलवीत नाही. त्याची अक्कल त्याच्या करण्यातच असते. परीक्षेत या मुद्द्यावर मी चांगले उत्तर लिहिले होते. त्याच काळात माझ्या घरात, माझ्यापासून दहा पावलांवर, हा सिद्धान्त रोज दोन वेळा शिजत होता आणि मी त्याला 'हात' म्हणत होतो.

इथेच माझ्या मते त्या वाक्यातली खोच आहे. 'अंदाज' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, म्हणजे मोघम, म्हणजे बिनहिशेबी. पण स्वयंपाकघरातला अंदाज म्हणजे हजारो वेळा नीट लक्ष देऊन, चुकून, सुधारून जमवलेला हिशेब. त्याला आपण ज्ञान म्हणत नाही, हातगुण म्हणतो. गणिताच्या चांगल्या शिक्षकाबद्दल 'त्यांच्या हाताला गणित आहे' असे कुणी म्हणत नाही. त्यांचा व्यासंग दांडगा आहे असे म्हणतो. लग्नातल्या आचाऱ्यालाही आपण कारागीर समजतो, त्याला आगाऊ विसार देतो, त्याच्या तब्येतीची चौकशी करतो. घरातल्या बाईचे तेच कौशल्य मात्र निसर्गाची देणगी ठरते. देणगी ठरली की तिच्यामागचे कष्ट दिसेनासे होतात. गवती चहाला वास येतो म्हणून आपण गवताचे आभार मानीत नाही. एखाद्या हाताला चव 'असते' असे ठरवले, की त्या हाताचे आभार मानायचे कारण उरत नाही, आणि तो गुण आपल्याला शिकता येईल ही शक्यताही उरत नाही. मी आमटी का शिकलो नाही, याचे खरे उत्तर हे आहे. माझ्या स्तुतीनेच मला शिकण्यातून मोकळे केले होते.

या बाबतीत आपल्या भाषेने केलेली एक गंमत सांगण्यासारखी आहे. निगुतीने संसार करणारी, चवीचे रांधणारी ती सुगरण. तोच शब्द आपण त्या झुलते घरटे विणणाऱ्या पाखराला दिला, आणि बहिणाबाईंच्या कवितेमुळे तो खोपा प्रत्येक मराठी मुलाच्या ओळखीचा झाला. प्रत्यक्षात ते घरटे विणतो तो नर. मादी येऊन पाहते आणि पसंत पडले तर राहते. निगुतीचे काम दिसले की ते बाईचेच असणार, अशी आपली इतकी खात्री, की पाखरातल्या बापड्या नरालाही आपण त्याचे श्रेय दिले नाही!

मागे नववीच्या वर्गाला मी 'माझा आवडता पदार्थ' हा निबंध दिला होता. बहुतेक वह्यांत शेवटचे वाक्य एकच होते: माझी आई सुगरण आहे. पदार्थ कसा होतो हे मुलींपैकी काहींनी लिहिले होते, मुलांपैकी फक्त एकाने. त्याच्या वडिलांची भज्यांची गाडी आहे आणि शाळा सुटल्यावर तो कांदे चिरतो. त्याने पीठ किती सैल असावे ते लिहिले होते आणि तेल तापले हे कसे ओळखावे तेही. हातगुणाचा त्यात उल्लेख नव्हता. ज्याला काम ठाऊक असते त्याला त्या शब्दाची गरज पडत नाही.

मग कृती लिहून ठेवल्या म्हणजे प्रश्न सुटतो का? लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली. वाटी आणि चमच्याच्या मापाने लिहिलेल्या 'रुचिरा'ने कितीतरी नवशिक्यांची घरे सांभाळली. पुस्तकांनी हाताची चव घालवली, अशी कुरकुर जुन्या माणसांकडून मी ऐकली आहे. मला ती पटत नाही. जी विद्या सासूच्या मर्जीवर मिळायची ती पुस्तकाने कुणालाही मिळू लागली, परगावी एकट्या राहणाऱ्या मुलालासुद्धा. ही मोठीच गोष्ट झाली. पण पुस्तक 'चवीपुरते मीठ' म्हणते तिथे तेही थांबते. तिथून पुढे आपण आणि आपली जीभ. म्हणजे विद्या कागदावर येऊनही लक्ष देण्याचे काम शिल्लक राहतेच, आणि ते कुणी करायचे हा प्रश्नही.

हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित आहे असे नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोन कठोर शब्द आहेत. जो केवळ स्वतःसाठी शिजवतो तो पाप खातो, आणि ज्यांच्याकडून मिळाले त्यांना काही न देता जो भोगतो तो चोरच. यातले पहिले वचन आपण अतिथिधर्म सांगताना आवर्जून काढतो. दुसरे सहसा देवांपुरते ठेवतो. माझ्या त्या दीड-दोनशे वाट्यांना ते लावून पाहिले तर? मी केवळ स्वतःसाठी कधी शिजवले नाही, हे खरे; कारण मी शिजवलेच नाही. पण परत काय दिले, हे विचारले तर माझ्याजवळ 'आईच्या हाताला चव होती' एवढे एक वाक्य आहे. जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला असे आपण श्रद्धेने गातो. प्रत्यक्ष देवाला जात्यापाशी बसायला कमीपणा वाटला नाही. त्याचे गुणगान करून माजघरात पानाची वाट पाहत बसणाऱ्या आम्हाला मात्र तो वाटला.

आमच्या सीमाभागाला आणखी एक वारसा आहे, आणि तो भाषेच्या भांडणात आपण पुष्कळदा विसरतो. बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचे कल्याण. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने घ्यायच्या उपभोगांत त्याने अन्नभोगाचे प्रकरण घातले. त्यात आजच्या इडलीचे आणि डोशाचे पूर्वज भेटतात, मांसाचे नाना प्रकार भेटतात. त्यानंतर काही दशकांतच त्याच कल्याणात बसवेश्वरांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द लोकांपुढे ठेवले. कायक म्हणजे प्रत्येकाने स्वतःच्या अंगाने करायचे काम, दासोह म्हणजे त्यातून आलेले नम्रपणे वाटून खाणे. एकाच गावात, एका शतकाच्या आत, अन्नाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी: एकीत अन्न भोगायचे, दुसरीत अन्न करायचे आणि द्यायचे. आमच्यातल्या बहुतेक पुरुषांची घरातली दृष्टी सोमेश्वराची आहे, राज्य नसले तरी.

त्या शरणांपैकी आय्दक्की मारय्या आणि त्याची पत्नी लक्कम्मा यांची कथा या भागात प्रसिद्ध आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे आणि ते रांधून जंगमांना वाढायचे, हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने ते पाहताच ओळखले आणि जास्तीचे होते तिथे परत टाकून यायला लावले. ही कथा लोभाविरुद्धची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. मला मात्र आता तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. किती पुरे, हे लक्कम्माला कळत होते, कारण रोज शिजवणारी ती होती. तिचा अंदाज हाच तिचा विवेक होता. आणि मारय्याने तो मानला. बायकोच्या हाताचे नुसते कौतुक करून तो पाटावर बसला नाही.

याच दासोहाचे नाव कर्नाटकातल्या शाळांतल्या माध्यान्ह भोजनाला आहे: अक्षरदासोह. आमच्या शाळेत सांबार रांधणाऱ्या बायका सकाळी येतात आणि दुपारी भांडी घासून जातात. त्यांना जे मिळते त्याला सरकारदरबारी पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द मोठा गौरवाचा आहे. 'हाताला चव आहे' हे वाक्यही गौरवाचेच आहे. गौरव पुढे केला की देणे थोडक्यात भागते, हे घराला कळते तसे सरकारलाही कळते.

याच्या उलट बाजूने बोलता येते, आणि ते बोलणे खोटे नाही. प्रेमाने केलेल्या गोष्टीचा हिशेब मांडू नये, असे म्हणता येईल. आईला मी आमटीचे पैसे विचारले असते तर तिने मला घराबाहेर काढले असते. शिवाय स्वयंपाकघर हा तिचा गड होता. तिथे मी लुडबूड केलेली तिला खपली नसती. तिच्या उभ्या आयुष्यात जिथे तिचे मत शेवटचे होते अशी जागा ती एकच. तीही आम्ही समतेच्या नावाखाली वाटून घ्यायची का? या आक्षेपापुढे मी बराच काळ थांबलो होतो. पण मग आपल्याकडच्या ऋणाच्या कल्पनेकडे लक्ष गेले. जन्मतः माणसावर तीन ऋणे असतात असे वेदकाळापासून सांगितले आहे: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. यातले एकही पैशाने फिटत नाही. ऋषींचे ऋण फिटते ते अध्ययनाने. त्यांनी जे जाणले ते आपण शिकायचे आणि पुढच्याला द्यायचे. या तिन्हींत आईच्या हाताचे ऋण वेगळे मोजलेले नाही. मला वाटते ते ऋषिऋणात धरावे. हिशेब प्रेमाला नको हे खरे. पण विद्या घेणे हा हिशेब नव्हे, तो आदर आहे. तिच्या गडावर कब्जा करू नये, पण तिथे शिकाऊ म्हणून उंबऱ्यावर बसायला काय हरकत होती? ती मला हाकलती, हे मी गृहीत धरले. विचारून पाहिले नाही.

आता राहिला तो भाग, जो लिहिताना मला सर्वांत अवघड जातो. माझी पत्नी धारवाडकडची, कन्नड घरातली. तिच्या माहेरी डाळीच्या या पाण्याला कट्टु म्हणतात आणि त्याचे करतात ते कट्टिन सारु. आमचा कट आणि त्यांचा कट्टु. पोळीचे नाव तिकडे होळिगे, एवढाच फरक. शब्दांना सीमा कळत नाही, ती आपण काढतो. इतकी वर्षे मी तिच्या आमटीत आईची चव शोधली आणि ती सापडत नाही म्हणून नापसंती नोंदवली. पण ती आमटी बिघडलेली नव्हती. ती दुसऱ्या एका आईच्या हाताने शिकवलेली होती. आम्हा सीमाभागातल्या मंडळींना मातृभाषेचा किती अभिमान! मुलाला आईच्या भाषेत शिकायला मिळावे म्हणून आम्ही सभा घेतल्या, अर्जांवर सह्या केल्या, आणि ते योग्यच केले. त्याच घरात एक बाई आपल्या आईच्या चवीला पारखी होऊन दुसऱ्याच्या आईची चव रांधत होती, आणि तिथे आमच्या कुणाच्या मनात सभा भरली नाही. तिच्या आईचे सारु कसे लागायचे, हे मी तिला कधी विचारले नव्हते. तिला ते आयते कुणी वाढले नव्हते, हे सांगायला नकोच.

पुढच्या होळीला मी विचारले. ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि सांगत गेली, मी करीत गेलो. खोबरे एकदा करपले, ते टाकून पुन्हा भाजले. चिंच जास्त झाली, मग गूळ जास्त झाला, मग पाणी. माझे 'किती?' संपेना आणि तिचे 'अंदाजानं' संपेना. शेवटी जे झाले ते ना कटाची आमटी होते ना कट्टिन सारु. तिने वाटी तोंडाला लावली, थोडा वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग म्हणाली, "लवंग मात्र अम्मा घालायची तेवढीच पडलीय." त्यानंतर मी दर सणाला आमटीला बसतो. अजून मला अंदाज आलेला नाही. परंतु 'आईच्या हाताची चव' हे शब्द आता माझ्या तोंडून सहज निघत नाहीत, कारण त्या हाताने काय काय केले असेल याची थोडी कल्पना आली आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाची गडबड असेल. तळणीचा वास ओसरीपर्यंत येत असेल. चकलीची भाजणी कुणी भाजली, अनारशाचे तांदूळ किती दिवस भिजले, हे ठाऊक असलेले माणूस हा लेख सगळ्यांत शेवटी, दुपारची भांडी आवरल्यावर वाचेल, तेही सवड मिळाली तर. माझी विनंती त्याला नाही. जो आत्ता आरामखुर्चीत बसून हे वाचतो आहे, त्याला आहे. अंक खाली ठेवा आणि आत जाऊन विचारा. चकली कशी झाली ते विचारू नका. कशी करतात ते विचारा.